क्वेकर सुधारकांचा स्नेह व पत्रव्यवहार

एकोणिसाव्या शतकात इंग्लंड, आयर्लंड व अमेरिकेची संयुक्त संस्थाने यांतील क्वेकर पंथीय सुधारकांमध्ये वाढलेला व्यक्तिगत स्नेह आणि त्यातून चाललेला विपुल पत्रव्यवहार. गुलामगिरीचे निर्मूलन, स्त्रियांचे हक्क, दुष्काळनिवारण व शांतता या चळवळींना या पत्रव्यवहाराने माहिती, पैसा आणि माणसे पुरविली. पंथाचा अधिकृत पत्रव्यवहारही याच काळात चालू होता. तथापि ज्या प्रश्नांवर पंथाने सावध मौन पाळले, ते प्रश्न मुख्यतः या खाजगी पत्रांतूनच उघडपणे मांडले गेले. या स्पष्टोक्तीची किंमत अनेक पत्रलेखकांना पंथाचे सदस्यत्व गमावून द्यावी लागली.

पार्श्वभूमी : सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स (१६२४–९१) याच्या प्रेरणेने उदयास आलेला हा पंथ स्वतःस ‘मित्रसंघ’ (सोसायटी ऑफ फ्रेंड्स) म्हणवितो. त्यात वेतनभोगी धर्मोपदेशक नव्हते. उपासना बहुतांशी मौनात चाले आणि अंतःप्रेरणा झाल्यास स्त्री वा पुरुष कोणीही उठून बोलू शके. मासिक, त्रैमासिक व वार्षिक अशा चढत्या श्रेणीच्या सभांमार्फत पंथाचा कारभार होई. वार्षिक सभा एकमेकींना दरवर्षी औपचारिक पत्रे धाडीत व ती सभेत वाचून दाखविली जात. लंडनच्या वार्षिक सभेच्या पत्रास अमेरिकेत विशेष मान असे. धर्मप्रवचनासाठी दूर देशी जाणारे स्त्रीपुरुष आपल्या सभेचे शिफारसपत्र घेऊन निघत आणि वाटेवरील क्वेकर कुटुंबांत उतरत. पंथाबाहेर विवाह करण्यास मनाई असल्याने घराणी परस्परांत गुंतलेली होती. पत्रव्यवहाराचे जाळे विणण्यास असा समाज मुळातच अनुकूल होता.

या जाळ्यास १८२७-२८ मध्ये मोठा छेद गेला. लाँग आयलंडचा वृद्ध प्रवक्ता इलायस हिक्स (१७४८–१८३०) याने बायबल व ख्रिस्ताचे प्रायश्चित्त यांपेक्षा ‘अंतःप्रकाशा’वर भर दिला. त्यावरून फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेत फूट पडली आणि ती इतरत्र पसरली. लंडनच्या सभेने केवळ सनातनी (ऑर्थोडॉक्स) पक्षास मान्यता दिली. हिक्सपंथीयांशी तिचा अधिकृत पत्रव्यवहार थांबला. इंग्रज क्वेकरांच्या लेखी ते क्वेकरच उरले नाहीत. पुढील काळातील अनेक मैत्र्या या भिंतीवरूनच जोडल्या गेल्या, ही गोष्ट लक्षात घेतल्याखेरीज या पत्रांतील धाडस कळत नाही.

पत्रांचे स्वरूप : वार व महिने यांची प्रचलित इंग्रजी नावे मूर्तिपूजक देवतांवरून आली असल्याने क्वेकर ती टाळीत. रविवारास ‘पहिला दिवस’ व जानेवारीस ‘पहिला महिना’ म्हणण्याची रीत पत्रांवरील तारखांतही दिसते. समोरची व्यक्ती कितीही मोठी असली, तरी तिला मराठीतील ‘तू’ सारख्या एकवचनी सर्वनामाने संबोधिले जाई आणि पदव्या गाळल्या जात. इंग्लंडमध्ये १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसापर्यंतचे पत्र देशात कोठेही एका पेनीत जाऊ लागले. त्यापूर्वी टपालहशील कागदांची संख्या व अंतर यांवर आकारले जाई आणि ते बहुधा पत्र घेणाऱ्यास द्यावे लागे. त्यामुळे मित्रावर भार पडू नये म्हणून एकच कागद भरून झाल्यावर तो आडवा करून त्याच ओळींवर पुन्हा ओळी लिहिण्याची पद्धत पडली. हे आडवे-उभे लेखन आजच्या संशोधकांची मोठीच परीक्षा पाहते. अटलांटिकपार जाणारी पत्रे शक्यतो प्रवासास निघालेल्या मित्राच्या हाती दिली जात. आगबोटींची सेवा १८३८ नंतर सुरू झाली व १८४० मध्ये क्यूनार्ड कंपनीच्या बोटी नियमितपणे टपाल नेऊ लागल्या. शिडाच्या जहाजास पश्चिमेकडे जाताना पाच-सहा आठवडे सहज लागत. आता सुमारे पंधरवड्यात पत्र पोहोचू लागले.

ही पत्रे आजच्या अर्थाने खाजगी नव्हती. लुक्रीशिया मॉट (१७९३–१८८०) फिलाडेल्फियाहून आप्तेष्टांना जी लांबलचक पत्रे धाडी, ती एका घरी वाचून झाल्यावर दुसऱ्या घरी रवाना होत. स्वयंपाकाची गडबड, बाळंतपणे, पळून आलेल्या गुलामास दिलेला आसरा आणि सभेतील वादविवाद हे सर्व त्यांत एकाच दमात येते. पत्र कोणी किती जणांस दाखवावे व त्यातील काय छापावे, यांविषयीचे संकेत मात्र नाजूक होते आणि ते मोडल्यास त्याचे परिणाम दूरवर पोहोचत. दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटनच्या गुलामधारक न्यायाधीशाची कन्या अँजेलिना ग्रिम्के (१८०५–७९) ही आपली वडील बहीण सेरा (१७९२–१८७३) हिच्यामागोमाग फिलाडेल्फियास येऊन क्वेकर झाली होती. १८३५ मध्ये तिने विल्यम लॉइड गॅरिसन या क्वेकर नसलेल्या संपादकास पाठिंब्याचे पत्र लिहिले आणि त्याने ते तिची अनुज्ञा न घेता आपल्या लिबरेटर पत्रात छापले. सभेच्या धुरीणांनी ते मागे घेण्यास सांगितले. सेराही प्रथम नाराज झाली. अँजेलिनाने पत्र मागे घेतले नाही. दोघी बहिणींच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ असा एका फुटलेल्या पत्राने झाला.

डग्लस, ग्रिम्के व पीझ : क्वेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आपल्या सदस्यांतील गुलामगिरी नष्ट केली होती आणि याचा पंथास सार्थ अभिमान होता. पण मुक्त कृष्णवर्णीयांना बरोबरीचे मानणे ही वेगळी गोष्ट होती. फिलाडेल्फियाच्या आर्च स्ट्रीट उपासनागृहात ग्रेस डग्लस व तिची कन्या सेरा मॅप्स डग्लस (१८०६–८२) नियमाने जात. सेरा ही शिक्षिका आणि १८३३ मध्ये स्थापन झालेल्या फिलाडेल्फिया स्त्रियांच्या गुलामगिरीविरोधी संस्थेची एक संस्थापक सदस्य होती. (पुढे उल्लेखिलेला फ्रेडरिक डग्लस आणि ती यांच्यात नामसादृश्यापलीकडे नाते नाही.) उपासनागृहात कृष्णवर्णीयांसाठी एक बाक राखून ठेवलेला असे. मॅसॅचूसेट्समधील लिन येथील विल्यम बॅसेट या क्वेकराने १८३७ मध्ये याविषयी विचारणा केली, तेव्हा सेराने त्याला सविस्तर उत्तर लिहिले. गोऱ्या व्यक्तींनी त्या बाकावर बसू नये म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सदस्य बसे. कोणी आपणहून त्यांच्याशेजारी बसू लागल्यास, हा बाक काळ्या लोकांचा आहे, असे त्यास बजावले जाई आणि हे शब्द लहानपणी एकाच उपासनेत पाच-सहा वेळा कानी पडत, असे तिने कळविले. आईच्या निष्ठेविषयी आदर व स्वतःच्या मनातील कडवटपणा ही दोन्ही या पत्रात आहेत. मौन उपासनेत ते बजावणे किती मोठ्याने ऐकू येत असेल, याची कल्पना करता येते.

ग्रिम्के भगिनी सेरा डग्लसच्या शेजारी त्या बाकावर जाऊन बसत व त्याबद्दल त्यांना बोल ऐकावे लागत. मे १८३८ मध्ये अँजेलिनाने क्वेकर नसलेल्या थिओडोर वेल्डशी विवाह केला. डग्लस मायलेकी त्या समारंभास उपस्थित होत्या. पंथाबाहेर विवाह केल्याबद्दल अँजेलिनास आणि विवाहास हजर राहिल्याबद्दल सेरास पंथातून काढण्यात आले. सदस्यत्व गेले तरी पत्रे थांबली नाहीत. १८३९ मध्ये सेरा ग्रिम्केने इंग्लंडमधील डार्लिंग्टन येथील एलिझाबेथ पीझ (१८०७–९७) हिला अमेरिकन क्वेकरांतील वर्णविद्वेषाविषयी दीर्घ पत्र लिहिले आणि त्यात डग्लस कुटुंबाचा अनुभव नमूद केला. पीझचे घराणे उत्तर इंग्लंडमधील प्रतिष्ठित सनातनी क्वेकर घराणे होते. तिने या माहितीच्या आधारे अमेरिकन क्वेकरांचे गुलामगिरीविषयक मत व कृष्णवर्णीयांना त्यांच्याकडून मिळणारी वागणूक यांवर एक पुस्तिका सिद्ध केली. ती १८४० मध्ये डार्लिंग्टन येथे छापली गेली. फिलाडेल्फियातील एका बाकाची हकीगत अशा रीतीने तीन स्त्रियांच्या विश्वासावर अटलांटिक ओलांडून आली. लंडनच्या वार्षिक सभेकडे येणाऱ्या अधिकृत पत्रांतून अशी हकीगत कळण्याचा संभव नव्हता. डग्लस व ग्रिम्के यांची मैत्री १८७३ मध्ये ग्रिम्केच्या मृत्यूपर्यंत टिकली. डग्लसने पुढे अनेक वर्षे फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय तरुणांच्या शिक्षणसंस्थेत अध्यापन केले. ती संस्था क्वेकरांच्याच देणगीतून उभी राहिली होती.

लंडन, १८४० : जोसेफ स्टर्ज (१७९३–१८५९) या बर्मिंगहॅमच्या क्वेकर धान्यव्यापाऱ्याच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ब्रिटिश व परदेशीय गुलामगिरीविरोधी संस्थेने १२ जून १८४० रोजी लंडनच्या फ्रीमेसन्स हॉलमध्ये जागतिक परिषद भरविली. अमेरिकन संस्थांनी पाठविलेल्या स्त्री-प्रतिनिधींना परिषदेने प्रतिनिधी म्हणून बसू देण्यास नकार दिला आणि त्यांना कठड्यापलीकडे प्रेक्षक म्हणून बसावे लागले. लुक्रीशिया मॉट त्यांत होती. ती स्त्री असल्याने परिषदेस आणि हिक्सपंथीय असल्याने इंग्रज क्वेकरांस नकोशी होती. अनेकांनी तिच्याशी पंथभगिनी म्हणून व्यवहार ठेवला नाही. एलिझाबेथ पीझने मात्र तो ठेवला. डब्लिनचा क्वेकर मुद्रक रिचर्ड डेव्हिस वेब (१८०५–७२) व त्याची पत्नी हॅना यांनीही मॉटचे स्वागत केले. त्या उन्हाळ्यात ती आयर्लंडला त्यांच्याकडे गेली आणि पुढे बरीच वर्षे ही पत्रमैत्री चालली. वेबच्या पत्रांत विनोद व फटकळपणा भरपूर आहे. चळवळीतील थोरामोठ्यांची, मित्रांचीदेखील, व्यंगे तो सोडीत नाही. त्यामुळे समकालीन व्यक्तींची ओळख त्याच्या पत्रांतून अधिक जिवंत होते.

याच वर्षी अमेरिकेतील गुलामगिरीविरोधी संस्थेत स्त्रियांचा सहभाग व राजकीय मार्ग या प्रश्नांवरून फूट पडली होती. मॉट, पीझ व वेब गॅरिसनच्या बाजूस राहिले. क्वेकर कवी जॉन ग्रीनलीफ व्हिटियर (१८०७–९२) विरुद्ध बाजूस गेला, यद्यपि त्याची पहिली कविता गॅरिसननेच १८२६ मध्ये छापली होती. १८४१ मध्ये स्टर्ज अमेरिकेस आला असता व्हिटियर त्याच्याबरोबर हिंडला. तेव्हापासूनचा त्यांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला आणि स्टर्जच्या निधनानंतर व्हिटियरने त्याच्यावर कविता लिहिली. अमेरिकन क्वेकरांनी पंथाबाहेरील गुलामगिरीविरोधी संस्थांत मिसळू नये, या ज्येष्ठांच्या धोरणास या दौऱ्यात स्टर्जने विरोध केला. इंडियाना वार्षिक सभेत याच धोरणावरून १८४३ मध्ये फूट पडली. लंडनच्या सभेने १८४५ मध्ये चार सदस्यांचे शिष्टमंडळ पाठविले, ते फुटून गेलेल्या गुलामगिरीविरोधी क्वेकरांस मूळ सभेत परत येण्याचा उपदेश करण्यासाठी. ज्या मुद्द्यावर ते बाहेर पडले, त्यावर शिष्टमंडळाने निवाडा दिला नाही.

पत्रांतून झालेली कार्ये : मेरिलंडमधून पळालेला गुलाम फ्रेडरिक डग्लस १८४५ मध्ये आयर्लंडला आला, तेव्हा त्याच्या आत्मवृत्ताची डब्लिन आवृत्ती वेबने छापली. पुढील वर्षी न्यूकॅसलच्या ॲना व एलेन रिचर्डसन या क्वेकर नणंद-भावजयींनी मित्रांना पत्रे लिहून पैसा जमविला आणि अमेरिकेतील वकिलांमार्फत त्याच्या मालकाशी बोलणे चालवून १५० पौंडांस त्याचे मुक्तिपत्र मिळविले. माणसाची किंमत मोजणे म्हणजे गुलामधारकाचा हक्क मान्य करणे, असा आक्षेप गॅरिसनच्या काही अनुयायांनी घेतला. आक्षेप तर्कशुद्ध होता. परंतु पकडले जाण्याचे भय आक्षेपकांना नव्हते, डग्लसला होते.

आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावरील रोगाने दुष्काळ पडला असता नोव्हेंबर १८४६ मध्ये डब्लिनच्या क्वेकरांनी मध्यवर्ती मदत समिती स्थापिली. न्यूयॉर्क व फिलाडेल्फिया येथील क्वेकरांशी असलेल्या जुन्या पत्रसंबंधांमुळे अमेरिकेतून धान्य व पैसा त्वरित येऊ शकला. समितीने वाटलेल्या मदतीचे मूल्य सुमारे दोन लाख पौंड होते. १८६१ च्या अखेरीस ट्रेंट या ब्रिटिश टपालबोटीवरून दक्षिणी वकिलांना अमेरिकन आरमाराने पकडल्यामुळे इंग्लंड व अमेरिका यांत युद्धाचा प्रसंग आला. त्या वेळी क्वेकर संसदपटू जॉन ब्राइट (१८११–८९) याने सिनेटर चार्ल्स समनर यास समेटाचा आग्रह धरणारी पत्रे लिहिली. समनरने ती नाताळच्या दिवशी लिंकनच्या मंत्रिमंडळापुढे वाचली. वकिलांना सोडण्याचा निर्णय केवळ या पत्रांमुळे झाला, असे म्हणता येणार नाही. तरी इतक्या नाजूक क्षणी एका खाजगी पत्रव्यवहारास असे स्थान मिळाल्याची उदाहरणे थोडी आहेत.

स्त्रियांच्या हक्कांची पहिली परिषद १९ व २० जुलै १८४८ रोजी न्यूयॉर्क राज्यातील सेनेका फॉल्स येथे भरली. तिची मुळे १८४० मध्ये लंडनला मॉट व एलिझाबेथ केडी स्टँटन यांच्या झालेल्या भेटीत शोधली जातात. परिषदेचा बेत वॉटर्लू येथे जेन हंट हिच्या घरी चहाच्या वेळी ठरला. जमलेल्या पाच जणींपैकी स्टँटन वगळता बाकीच्या क्वेकर वा क्वेकर वळणात वाढलेल्या होत्या. त्यांतील मॉटची बहीण मार्था राइट हिला पंथाबाहेर विवाह केल्याबद्दल पूर्वीच काढून टाकण्यात आले होते. पीझने १८५३ मध्ये ग्लासगोचा ज्योतिर्विद जॉन प्रिंगल निकल याच्याशी विवाह केला, तेव्हा तिचेही सदस्यत्व गेले. वेबने स्वतःच पंथ सोडला.

भारताशी संबंध : एलिझाबेथ पीझचे वडील जोसेफ पीझ (१७७२–१८४६) यांच्या प्रयत्नाने १८३९ मध्ये लंडनला ब्रिटिश इंडिया सोसायटीची स्थापना झाली. हिंदुस्थानात मुक्त श्रमाने पिकविलेला कापूस स्वस्त झाला, तर लँकाशरच्या गिरण्या अमेरिकन मळेवाल्यांचा कापूस घेणार नाहीत व गुलामगिरी आपोआप मोडेल, अशी या संस्थेची विचारसरणी होती. त्यासाठी जमीनमहसूल हलका करावा, असे तिचे म्हणणे होते. या युक्तिवादात हिंदी रयत ही बव्हंशी दुसऱ्याच्या मुक्तीचे साधन ठरते, हा त्यातील उणेपणा होय. परंतु कंपनी सरकारच्या कारभाराविषयी इंग्लंडमध्ये जाहीर सभा होऊ लागल्या, त्या काही अंशी यामुळेच. संस्थेचा वक्ता जॉर्ज थॉम्पसन (१८०४–७८) क्वेकर नव्हता, पण पीझ कुटुंबाचा निकटचा स्नेही होता. १८३९ मध्ये पदच्युत केलेले साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांची बाजू थॉम्पसनने कंपनीच्या भागधारकांपुढे मांडली. याच कामी महाराजांचे वकील रंगो बापूजी हे लंडनमध्ये १८५३ पर्यंत झगडत होते. थॉम्पसन १८४२ च्या अखेरीस द्वारकानाथ टागोर यांच्यासमवेत कलकत्त्यास आला; त्यातून पुढील वर्षी बंगाल ब्रिटिश इंडिया सोसायटी निघाली. इंग्लंडमधील संस्था मात्र कार्यकर्ते धान्यकायद्यांविरुद्धच्या चळवळीत गुंतल्याने लवकरच निष्क्रिय झाली. डब्लिनच्या वेब घराण्याचा धागा पुढेही भारतापर्यंत येतो. रिचर्ड वेबचा पुत्र ॲल्फ्रेड वेब (१८३४–१९०८) हा आयरिश राष्ट्रवादी संसदसदस्य असून दादाभाई नवरोजी यांच्याशी त्याचा परिचय होता. १८९४ मध्ये मद्रास येथे भरलेल्या भारतीय राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाचा तो अध्यक्ष होता.

पत्रसंग्रह : वेब व पीझ यांची पुष्कळ पत्रे बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयात गॅरिसनच्या कागदपत्रांबरोबर, तर मॉटची पत्रे मुख्यतः पेनसिल्व्हेनियातील स्वार्थमोर महाविद्यालयाच्या क्वेकर ग्रंथालयात जतन केलेली आहेत. वेल्ड व ग्रिम्के यांच्या पत्रांचे दोन खंड १९३४ मध्ये आणि मॉटच्या निवडक पत्रांचा संग्रह २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. रॉचेस्टर येथील आयझॅक व एमी पोस्ट या क्वेकर दांपत्याचे कागद तेथील विद्यापीठात आहेत. हे दांपत्य हिक्सपंथीय सभेतून १८४० नंतरच्या दशकात बाहेर पडले होते. गुलामगिरीतून निसटलेली हॅरिएट जेकब्झ १८४९ मध्ये त्यांच्या घरी काही महिने राहिली. आपली कहाणी लिहावी, असा आग्रह एमी पोस्टने तिला केला. त्यावर जेकब्झने लिहिलेल्या पत्रांत मालकाकडून झालेल्या लैंगिक छळाविषयी लिहिण्याचा संकोच व लिहिण्याचा निर्धार यांची ओढाताण दिसते. तिचे पुस्तक १८६१ मध्ये टोपणनावाने निघाले आणि नंतर सु. शंभर वर्षे ते कोणा गोऱ्या लेखिकेने रचलेली कादंबरी म्हणून बाजूस सारले गेले. जीन फेगन येलिन या अभ्यासक स्त्रीने १९८१ मध्ये व पुढे १९८७ च्या आवृत्तीत ते जेकब्झचेच खरे आत्मवृत्त असल्याचे सिद्ध केले. त्याचा मुख्य पुरावा एमी पोस्टने जपून ठेवलेली ही पत्रे हा होता.